घरचा उपाय

मढ, ६ ऑगस्ट २०२४

सुहास,

तुझ्या कानाचं यंत्र पुन्हा बिघडलं हे वाचून मला खरं सांगू का, बरंच वाटलं. फोनवर तू नुसतं "काय? काय?" करतेस, मी ओरडते, आणि माझं गाऱ्हाणं तुझ्याआधी आमच्या गल्लीला पाठ होतं. मेसेज टाकावा तर माझा मोबाईल या घरात सार्वजनिक नळ आहे, येणारा-जाणारा उघडून बघतो. शाळेत आपण बाकाखालून चिठ्ठ्या सरकवायचो, तशीच ही पत्रं. तू तिकडे मुलुंडला लिही, मी इकडे मढला वाचते.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली तशी आमची बोट समुद्रात गेली. भिकाजी आणि कृणाल, बाप-लेक दोघंही बोटीवर. घरात मी आणि सून. पूर्वीला दिवस गेलेत, तिसरा महिना चालू आहे. मी आजी होणार आणि तू अजून तुझ्या लेकीसाठी, दीप्तीसाठी, स्थळं बघत बसलीयेस, त्यामुळे यापुढे मला अहोजाहो करायचं.

पण पोरीने माझी वाट लावली होती. चिंबईच्या कोळ्याची मुलगी, मढच्या कोळ्याची सून, आणि मासळीची टोपली दारात आली की तोंडावर ओढणी धरून मोरीकडे धावायची. बी. कॉम. झालेली, लग्नाआधी वांद्र्याच्या ऑफिसात एसीत बसायची, म्हणून आधी मला वाटलं नखरे असतील. पण पाणीसुद्धा पोटात राहीना. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या तशाच बाहेर. शेवटी मी घरचा उपाय केला. कृणालच्या वेळी माझ्या सासूने मला केला होता तोच. चार-दोन दिवसांत पोरगी पाटावर बसून भात जेवली, आणि वर मला म्हणते, "आई, तुमच्या हातान जादू हाय." मी जरा फुगलेच आहे तेव्हापासून.

आता माझं. तिखट लागलं की तोंडाची आग होते. जांभई अर्ध्यात अडकते. डाव्या गालात आतून काहीतरी खरखरीत लागतं, जीभ सारखी तिथेच जाते. भिकाजी म्हणतो, जयाचं तोंड मिटायला लागलं, देव पावला. तुझा भाचा श्रेयस दातांचा डॉक्टर आहे ना, त्याला एखादं मलम विचार. बाजारात बसून मी गिऱ्हाइकाशी भांडू शकत नाही, धंदा कसा व्हायचा?

तुझी
जया

•

मुलुंड, १३ ऑगस्ट २०२४

प्रिय जया,

आजीबाई, अभिनंदन. बाळला सांगितलं तर तो म्हणाला, आता बारशाला पापलेट की सुरमई ते आधी विचारून ठेव. माझ्या नवऱ्याची निवृत्तीनंतरची बुद्धी एवढीच उरली आहे.

मलमाचं विसर आणि इकडे ये. मी श्रेयसला सगळं सांगितलं, तर तो नेहमीसारखा हसला नाही. तंबाखू खातात का, विडी ओढतात का, गुटखा, असं एकामागून एक विचारत सुटला. मी म्हटलं, अरे, तिला कसलं म्हणून व्यसन नाही. जेवणानंतर मी सुपारी पुढे केली तर ती सुपारीच्या खांडालाही शिवत नाही, उलट मलाच बोलते. तेव्हा तो म्हणाला, मग फार काळजीचं नसेल, दाताची कड घासत असेल, तरी एकदा बघू दे. तू कारणं सांगू नकोस. तुमचा दीड दिवसाचा गणपती झाला की एक दिवस बाजार बुडव. घाटकोपरपर्यंत मेट्रोने ये, मी तिथे घ्यायला येते.

पूर्वीला आलं-लिंबू दिलंस ना? की ओवा? आमच्या खालच्या मजल्यावरच्या तेजलला अगदी असाच त्रास होतोय, बिचारी पिवळी पडली आहे. तुझा उपाय मला नीट लिहून पाठव, तिला करून देते.

तुझी
सुहास

•

मढ, १९ सप्टेंबर २०२४

सुहास,

परवा गल्लीतल्या सार्वजनिक गणपतीचं विसर्जन झालं, आज जरा टेकले आहे.

तुझा भाचा हुशार आहे, पण मला त्याचा राग आला आहे आणि तो मी तुझ्यावर काढणार. तोंडात त्याची तीन बोटं उभी जायला हवीत म्हणे, माझ्या तोंडात दीड बोट जेमतेम गेलं. दिवा लावून बघत बसला. व्यसन विचारलं, मी नाही म्हटलं, तूही शेजारी बसून मान हलवलीस. मग त्याने हळूच विचारलं, "मावशी, दात कशाने घासता?" मी म्हटलं, मशेरीने, आणखी कशाने? त्यावर तुम्ही दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलंत की मी जणू पाटीतली शिळी मासळी ताजी म्हणून खपवली.

मी खोटं बोलले नव्हते. तो व्यसन म्हणाला आणि मी तोंड धुण्याला व्यसन म्हणत नाही. तू सकाळी उठून पेस्ट लावतेस, तुला कोणी विचारतं का? तंबाखू असते त्यात हे मला काय माहीत नाही? पानं मीच आणते. पण तव्यावर काळी कोळसा होईपर्यंत भाजते, अख्खी गल्ली खोकते इतका धूर निघतो. एवढं भाजल्यावर तंबाखूचं काय उरणार, सगळं जळून जातं, असंच आम्ही सगळ्या समजत होतो. माझी सासू समजत होती, तिची सासू समजत होती. तुझा भाचा म्हणाला, "विष जळत नाही, मावशी." एवढंच म्हणाला, पण घरी येईपर्यंत मेट्रोत माझ्या कानात तेच.

तुला आमची सकाळ माहीत नाही. अंधार असतानाच आमच्या ओट्यावर बायका जमतात. मशेरी माझ्या हातची, कारण माझ्यासारखी बारीक आणि कडक कोणाची होत नाही. बोटाने दातांवर लावत बसायचं, थुंकायचं, सासवांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. मग टोपल्या उचलून जी ती आपल्या वाटेला. दिवसातला तेवढाच वेळ आमचा. शिवाय ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जड होतं, हे मी डॉक्टरसमोर बोलले नाही, पण तुला सांगते.

मोठ्या इस्पितळात गालातला तुकडा काढून घेतला. त्याचं काय निघालं ते कृणाल विचारून येईल, मला त्यातलं काही कळणार नाही. श्रेयसला सांग, मावशीने मशेरी सोडली.

पूर्वी बरी आहे. वांत्या थांबल्या त्या थांबल्याच. तेजलला उपाय कळवायचा राहिला. राहू दे, सगळ्यांना मानवतो असं नाही.

जया

•

मुलुंड, २ ऑक्टोबर २०२४

प्रिय जया,

काल कृणाल येऊन गेला. श्रेयसही इथेच होता, दोघं बराच वेळ बोलत बसले. केवढा मोठा झालाय गं तुझा मुलगा. बापासारखाच दिसतो. मी चहा केला, पण त्याला घाई होती, तसाच ठेवून गेला.

काळजी करण्यासारखं काही नाही. किरकोळ आहे. एक छोटा चट्टा आहे, तो काढून टाकायचा म्हणजे पुन्हा त्रास नको. श्रेयसने इस्पितळात ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे, दिवाळीच्या आधीची तारीख मिळेल. किरकोळ असलं तरी लांबवू नकोस एवढंच त्याचं म्हणणं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून हात जोडून सांगते, त्या तारखेला जा. मी तुझ्याबरोबर राहीन, डबाही मीच आणीन.

मशेरी सोडलीस याचा मला अभिमान वाटतो. तू मनाची खंबीर, मी नेहमी म्हणते.

तुझी
सुहास

•

मढ, २४ नोव्हेंबर २०२४

सुहास,

दिवाळी गेली आणि मी तारखेला गेले नाही. रागावली आहेस हे तुझ्या गप्प बसण्यावरून कळलंच. कृणालने घर डोक्यावर घेतलं, जेवण टाकून बोटीवर जाऊन झोपला. एवढ्याशा चट्ट्यासाठी या पोराला इतका कसला राग येतो मला समजत नाही. अगं, माझा चट्टा छोटा आणि पूर्वीचं पोट मोठं. मी इस्पितळात पडले तर तिच्याकडे कोण बघणार? तिची आई रत्नप्रभा स्वतःच्या गुडघ्यांनी जागची हलत नाही. बाळंतपण फेब्रुवारीत आहे, ते उरकलं की काढून टाकू म्हटलं. काय बिघडतं?

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुला एक सांगायचं राहिलंय, आणि राहिलंय म्हणजे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

पूर्वीला आलं-लिंबू दिलं नव्हतं. मशेरी दिली होती. पोटुशी बाईच्या मळमळीवर आमच्याकडे तोच उपाय आहे. माझी सासू म्हणाली होती, चिमूटभर दातांना लाव, तोंडाला पाणी सुटणार नाही. तीच चिमूट मी पूर्वीच्या बोटावर ठेवली. आधी ती नाक मुरडत होती. मग सकाळी माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसायला लागली. बायका तिला एसीवाली म्हणून चिडवायच्या, त्यांनी तिला आपल्यात घेतलं. मला कौतुक वाटायचं गं, सून माझ्या मांडीला मांडी लावून बसते म्हणून.

श्रेयसकडून आल्यावर मी तवा उतरवून ठेवला. ओट्यावर सांगितलं की भाजणं झेपत नाही. बायकांनी दोन दिवस हळहळ केली आणि पलीकडच्या सोनूबाईचा ओटा धरला. पूर्वीपण तिकडे. मी म्हटलं, तू बंद कर. तर वॉशिंग मशीनच्या मागे पत्र्याची डबी सापडली. आमचं जुंपलं.

मी म्हटलं, "पोटान पोर हाय, सोर ती डबी."

ती म्हणाली, "तुमीच दिलाव ना? तुमी लावताव त्या दात घासाचा, न मी लावला का येसन?"

आणि वर म्हणाली, नाही लावली तर डोकं फुटतं, पोट साफ होत नाही, दिवसभर रडू येतं. तिचं एकेक वाक्य माझ्याच तोंडचं.

आणि मी सोडली असं तुला कळवलं, तेही अर्धं खरं. लोकांसमोर सोडली. पूर्वी दुपारी आडवी झाली की मी मशीनच्या मागे हात घालते. सासू सुनेच्या डबीतून चोरते, हस हवं तर. तिला माहीत आहे. डबी कमी झालेली तिला दिसत असणार, पण ती काही बोलत नाही, आणि म्हणून मीही तिला काही बोलू शकत नाही. आम्ही दोघी त्या डबीला बांधल्या गेलो आहोत आणि पुरुषांना पत्ता नाही.

कधीकधी जीव घाबरा होतो. मग तुझं पत्र काढून वाचते. तू लिहिलंस ना, किरकोळ आहे. मी लग्न झाल्यापासून लावते आणि मला किरकोळ झालं, तर तिला चार महिन्यांत काय होणार आहे? बाळंत होऊ दे सुखरूप, मग दोघी मिळून सोडू. बरोबर ना? तू बरोबर म्हण म्हणजे मी निश्चिंत.

जया

•

मुलुंड, २८ नोव्हेंबर २०२४

जया,

बरोबर नाही. ते किरकोळ नाही. कर्करोग आहे.

सप्टेंबरअखेरीसच कळलं होतं. कृणाल आमच्याकडे सोफ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. म्हणाला, आईला कळलं तर ती हाय खाईल, पूर्वीची अशी अवस्था, बाबांचं काळीज कच्चं, मावशी तुम्ही किरकोळ म्हणून लिहा, तुमचं ती ऐकते. माझा नवराही म्हणाला, लिही, ऑपरेशन तर होणारच आहे, मग नाव कशाला सांगायचं? एकटा श्रेयस नको म्हणत होता. मी लिहिलं. मला वाटलं, तू घाबरणार नाहीस आणि निमूट तारखेला जाशील. मी तुला घाबरू दिलं नाही म्हणूनच तू गेली नाहीस. तारीख चुकली तेव्हाच खरं लिहायला हवं होतं, पण कृणालला शब्द दिला होता आणि माझं धाडस झालं नाही. श्रेयस महिनाभर माझ्याशी धड बोललेला नाही.

तेव्हा चट्टा खरंच लहान होता. आता किती असेल हे बघितल्याशिवाय तो सांगत नाही. जया, मला काय शिव्या द्यायच्या त्या समोर येऊन दे, पण उद्याच्या उद्या नीघ. कृणालला मी फोन केला आहे. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण त्याने ठेवला नाही बराच वेळ.

आणि पूर्वीला सांग. जे झालंय ते नाव घेऊन सांग. श्रेयस म्हणतो, मशेरीने पोटातलं बाळ वजनाला कमी भरतं, वेळेआधी येतं. तो असंही म्हणाला की ऑपरेशननंतर तुला बरेच दिवस बोलता येणार नाही. म्हणून जायच्या आधी सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर ती ऐकेल, आमच्या कोणाच्या नाही.

त्याने काल माझ्याही सुपारीचा विषय काढला. म्हणाला, आत्या, तीही तेच करते, फक्त चांदीच्या डब्यातून. रात्री जेवल्यावर हात तिकडेच गेला. तुझं पत्र वाचूनसुद्धा गेला.

मला क्षमा करू नकोस, फक्त जा.

सुहास

•

मढ, ७ मार्च २०२५

सुहास,

तू दर रविवारी येऊन माझ्या उशाशी बसतेस, पाटीवर लिहून आपण बोलतो. पण हे पाटीवर मावणार नाही आणि पूर्वी समोर असते.

तुझ्यावरचा राग डिसेंबरातच संपला. भूल द्यायच्या आधी तू माझा हात धरून उभी होतीस, तेव्हाच. शिव्या द्यायच्या राहिल्या त्या राहिल्या, आता तोंडच नाही. डावा गाल गेला, अर्धा जबडा गेला, आत मांडीचं मांस शिवलंय. जेवण नाकातल्या नळीने. रेडिएशनचे शेक चालू आहेत, त्याने थुंकीसुद्धा सुकली. दवाखान्यात माझ्या रांगेला बसलेल्या बायका बघते तेव्हा वाटतं, आमचा ओटाच उचलून कोणीतरी तिथे आणून ठेवला आहे. साताऱ्याची आहे, पनवेलची आहे, भांडुपची आहे, सगळ्यांची एकच कथा. कुणालाच कसलं व्यसन नव्हतं.

तू लिहिलं होतंस, जायच्या आधी पूर्वीला सांग. मी सांगितलं नाही. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी कृणालने घरात सगळ्यांना माझा आजार सांगितला. भिकाजी भिंतीला डोकं लावून बसला. पूर्वी माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, "आई, कुनाची नजर लागली?" तेव्हा म्हणायला हवं होतं की नजर नाही, मशेरी. पण पुढचं वाक्य आपोआप येणार होतं, की तीच मी तुला दिली. सगळे ऐकत होते. मला ते म्हणवलं नाही. उद्या म्हणेन म्हटलं, आणि उद्या मला इस्पितळात नेलं. जीभ चालत होती तोवर मी ती राखून ठेवली.

मुलगी जानेवारीत आली, महिनाभर आधी. एवढीशी. पेटीत ठेवावी लागली. पूर्वी इतक्या ओढाताणीत माझंही सगळं करते. रोज सकाळी माझं तोंड पिचकारीने धुते, कधी नाक वाकडं करत नाही. ते झालं की मोरीत जाते आणि नळ मोठा सोडते. मग दाराखालून वास येतो. माझं तोंड कापलंय, नाक शाबूत आहे. पाटीवर मी लिहिते, सोड. ती वाचते, मान हलवते आणि पुसून टाकते. दिवसभर भिकाजी नाहीतर कृणाल घरात, यापेक्षा जास्त मी त्यांच्यादेखत लिहू शकत नव्हते.

परवा दुपारी बाळ सारखं रडत होतं, पोट फुगलेलं. पुरुष बोटीवर. सोनूबाई येऊन बसली होती. म्हणाली, "तिच्या हिरड्येला जरासी मशेरी लाव गो, लगेच गप होल. आमची सगली पोरा तशीच मोठी झाली." आणि ती निघून गेली. पूर्वीने थोडा वेळ बाळाला खांद्यावर फिरवलं. मग डबी आणली, उघडली, बोट बुडवलं आणि बाळाचं तोंड उघडायला लागली.

मी ओरडले. सुहास, माझ्या घशातून नुसती हवा गेली. ती पाठमोरी होती. मी उठले, नळीला हिसका बसला, पलंगाचा आधार सुटला, कशी पोचले मला माहीत नाही. मी तिचं मनगट धरलं आणि ते बोट, मशेरी लागलेलं, माझ्या तोंडात घातलं. डाव्या बाजूला, आत, जिथवर जाईल तिथवर. आग अशी झाली की डोळ्यांपुढे काही दिसेना, पण मी हात सोडला नाही. रोज ती पिचकारी मारते, पण लांबून. तिथे कधी तिचा हात लागला नव्हता. गाल असतो तिथे तिच्या बोटाला मांडी लागली. जबडा असतो तिथे काहीच नाही.

तिने बोट काढून घेतलं नाही. बाळ एका हातावर, दुसरा हात माझ्या तोंडात, अशी उभी राहिली. मग खाली बसली. मी पाटी ओढली आणि लिहिलं, मशेरीने झालं. मशेरी विष आहे हे मला सप्टेंबरातच कळलं होतं. तुला मी दिली.

तिने वाचलं. म्हणाली, "कललेला, तवा तुमाला बोलता येत होता ना, आई?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली.

बाळ नंतर आपोआप झोपलं. काल आणि आज मोरीतून वास आला नाही. पण ती घामाघूम होते, कृणालवर खेकसते. डबी माझ्या पलंगाशेजारच्या फळीवर आहे. तिने मुद्दाम माझ्यासमोर आणून ठेवली, म्हणाली, "तुमी टाका." मी टाकली नाही. मी दोनदा हातात घेतली आणि झाकण उघडून वास घेतला. अर्धं तोंड कापून टाकल्यावरसुद्धा मला ती हवी आहे, सुहास, आत्ता हे लिहितानाही हवी आहे. पूर्वी दारात उभी राहून मला बघत होती. तिने मला अडवलं नाही. मीपण तिला अडवणार नाही, हे तिला ठाऊक आहे.

या रविवारची वाट बघू नकोस, पत्र मिळताच ये. माझ्याशी बोलायला नको. ती डबी उचल आणि घेऊन जा. आम्हा दोघींच्यानं ते होत नाही.

जया